मागच्या ओळीची मीटिंग

परळच्या त्या टॉवरमध्ये सीमा जे बसवत होती, ते होतं आतलं बोलणं बाहेर न जाऊ देणारं यंत्र. कॉन्फरन्स रूमबाहेरच्या पॅसेजमध्ये, फॉल्स सीलिंगच्या वर छोटे स्पीकर. त्यांतून दिवसभर मंद सूंसूं येत राहायची, लांब कुठेतरी नळाला पाणी आल्यासारखी. आत कोणी कितीही तावातावाने बोलो, बाहेर बसलेल्याला एक शब्द धड कळायचा नाही. काम तिने जीव लावून केलं होतं. सोबतचा वैभव दार लावून आत मोठ्याने पेपर वाचत बसला आणि बाहेर तिला नुसती गुणगुण ऐकू आली, तेव्हा ती स्वतःवरच खूश झाली.

ऑफिस बिल्डरचं होतं, आणि तेही तिची लालबागची चाळ पाडायला निघालेल्या बिल्डरचं. हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. काम आहे, करून टाकू, असं म्हणून तिने शिडी लावली होती.

पण आज लिफ्टमधून चाळीची कमिटीच बाहेर पडली. पाचही जण चाळीच्या पुढच्या ओळीत राहणारे, सगळ्यांत पुढे गुणाजीकाका. त्यांच्या पाठोपाठ मागच्या ओळीतल्या बायका, त्यांत सीमाची आई मालन. मागची ओळ नंतर बांधलेली, म्हणून तिथल्यांना नवं घर लालबागमध्ये नाही, पार कल्याणच्या पलीकडे, अशी कुजबुज कधीची चालू होती. आज कमिटीची सही झाली की ते पक्कं होणार होतं. मॅनेजर वीरेंद्रने कमिटीला आत घेतलं, बायकांना सोफा दाखवला आणि दार लावलं.

सीमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाळीत दिवसा दार कोणी लावत नाही. लावलंच तर शेजारीण येऊन विचारते, बरंबिरं नाही का म्हणून. आणि मीटिंग तर कायम चौकात. बायका गॅलरीतून भाजी निवडत निवडत तोंड घालणार, कमिटीची पार भंबेरी उडवणार, आणि मगच काय ते ठरणार!

"एक वायर काढ ना," वैभव हळूच म्हणाला. "कोणाला कळतंय?"

"चोरून कशाला? चोरी ते करतायत, मी नाही."

तिने कंपनीचं जॅकेट काढून वैभवच्या हातात दिलं आणि न विचारता दार उघडलं.

"गुणाजीकाका, आपली मीटिंग दार लावून कधीपासून व्हायला लागली?"

गुणाजीकाका चपापले. "अगं सीमा, तू इथे कुठे? हे लोक म्हणाले, ऑफिसची पद्धत असते..."

"ऑफिसची असेल. चाळ आपली आहे."

"मॅडम, तुमचं काम झालंय," वीरेंद्र म्हणाला. "दार लावून घ्या."

"काम झालं. आता मी भाडेकरू म्हणून उभी आहे. दार उघडंच राहणार." तिने शिडी ओढली आणि उघड्या दाराला लावून उभी केली.

 वीरेंद्र भिंतीवरच्या पॅनलपाशी गेला आणि त्याने स्पीकरचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. पॅसेजमधली सूंसूं एकदम वाढली. सोफ्यावरच्या बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. सीमाला रडू आवरेना. तिच्याच हातचं काम तिच्याच आईवर उलटलं होतं.

मालन उठली. "भायर कायव आयकाक येणा नाय," ती म्हणाली आणि पदर खोचून सरळ आत शिरली. तिच्यामागून अख्खी ओळ आत आली. कोणी खुर्च्या पकडल्या, कोणी टेबलाला टेकून उभ्या राहिल्या. "इथे एवढ्या जणींना परवानगी नाही," असं वीरेंद्र म्हणाला, पण त्याच्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. आत सगळं लख्ख ऐकू येत होतं. स्पीकर सगळे बाहेर होते.

मालनने गुणाजीकाकांच्या हातातलं पेन काढून घेतलं. त्यांनीही ते मुकाट्याने सोडलं. मग टेबलावरचे कराराचे कागद वीरेंद्रकडे सरकवून ती त्याच्या समोरची खुर्ची ओढून ऐसपैस बसली.

"वाच रे झिला, पयल्यापासून. मोठ्यान वाच."