सत्काराचं तबक

हैदराबादच्या मराठी मंडळात सत्काराला चार गोष्टी लागतात: शाल, नारळ, केशवराव आणि तबक धरायला संभाजी. पहिल्या दोन दर वेळी नव्या आणतात. उरलेल्या दोन गेली बावीस वर्षं त्याच आहेत.

संभाजी खरात सिकंदराबादला रेल्वेत हेडक्लार्क. ऑफिसात त्यांच्या सहीशिवाय कुणाची रजा पुढे सरकत नाही. नारायणगुड्याच्या मंडळाच्या हॉलमध्ये पाऊल टाकलं की मात्र त्यांचं 'अरे संभाजी' होतं. खुर्च्या लाव, माईक बघ, तबक धर. मंडळाच्या अहवालातल्या प्रत्येक फोटोत ते आहेत. म्हणजे त्यांचे हात आहेत. फोटो काढतो केशवरावांचा पुतण्या हर्षवर्धन, आणि त्याला एकच गोष्ट जमते: शाल घालणारा आणि शाल घेणारा, दोघांना चौकटीत गच्च बसवायचं. बाकीचं सगळं कडेला कापलं जातं. विमलाबाई दर वर्षी अहवाल उघडून नवऱ्याला विचारतात, "यंदा किती बोटं आली?"

केशवराव म्हणजे मंडळाचे अध्यक्ष. कुकटपल्लीत पाइपचा कारखाना, बोटात पोवळ्याची अंगठी आणि तोंडात अष्टौप्रहर महाराष्ट्र. त्यांचे आजोबा परभणीकडून हैदराबादेत आले तेव्हा महाराष्ट्र नावाचं राज्य जन्माला यायचं होतं आणि दोन्ही गावं निजामाच्याच मुलखात होती. पण हे त्यांना सांगणार कोण? मंडळ सगळ्या मराठी माणसांचं आहे, असं ते प्रत्येक भाषणात सांगतात. फक्त चौदा एप्रिलला कुणी हॉल मागितला की नेमकं रंगकाम निघतं. एवढे रंगाचे हात बसून त्या भिंती आता वीतभर जाड झाल्या असतील.

यंदा महिला फुटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेची शेवटची फेरी हैदराबादला आली. मोसम कसला, सगळा सावळा गोंधळ होता. तारखा तीनदा बदलल्या, मैदान दोनदा. पात्रता फेरीला तेलंगणाच्या पोरी छत्तीस तास रेल्वेत बसून गेल्या आणि उतरल्यावर त्यांना जे मैदान मिळालं त्यात गवत शोधावं लागत होतं. तरी गटात पहिल्या आल्या. त्यांची गोलकीपर दीपमाला ही संभाजींची मुलगी. ढोपरं, कोपरं सोलून घरी आली तेव्हा बापाचं तोंड बघून म्हणाली, "पप्पा, लाइट घ्या. एक पण गोल खाल्ला नाही."

तेव्हापासून संभाजींच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली. इतकी वर्षं आपण ज्या शाली धरून उभे राहिलो, त्यातली एक तरी आपल्या लेकीच्या खांद्यावर पडावी, आणि ती आपल्या माणसांसमोर पडावी. विमलाबाईंना त्यांनी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "शालीचं काय घेऊन बसलाव? तिला गुडघ्याचा पट्टा आणा."

तरीही त्यांनी सभेत विषय काढला. खरंतर त्यांना काढावाच लागला नाही, कारण केशवरावांनीच सुरुवात केली. इथे तेलंगणाचा गटातला शेवटचा सामना महाराष्ट्राविरुद्ध होता. "आपली टीम येतेय!" केशवराव म्हणाले. "साठ फेटे, एक बस, लेझीम. सामना झाला की कॅप्टनचा जागेवर सत्कार!"

संभाजी उभे राहिले. "साहेब, आमची दीपमाला पण खेळतेय. तेलंगणाकडून."

"हौ का? छान, छान," केशवराव म्हणाले. "पण ती पडली तेलंगणाची. आपण महाराष्ट्राचे. तू असं कर, फेट्यांचं तेवढं बघ."

संभाजींनी फेट्यांचं बघितलं. याचा त्यांना रागही आला आणि स्वतःची लाजही वाटली, पण बावीस वर्षांची सवय काही एका सभेत सुटत नाही.

सामना दुपारी तीनला होता. विमलाबाई समोरच्या स्टँडमध्ये, तेलंगणाच्या पोरींच्या आयांमध्ये जाऊन बसल्या. जाताना त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "तुम्ही कुणीकडं बसणार?" संभाजी मंडळात बसले. डोक्यावर केशरी फेटा, मांडीवर तबक, तबकात शाल आणि नारळ. नव्वद मिनिटं ते तबक सांभाळणं ही त्यांची जबाबदारी होती.

मंडळाला फुटबॉल किती कळत होता हे पहिल्या दहा मिनिटांतच उघड झालं. चेंडू बाहेर गेला की काही मंडळी 'आऊट!' म्हणून ओरडत. केशवराव मात्र नेटाने 'जय महाराष्ट्र' म्हणत राहिले. महाराष्ट्राला पुढे जायचं तर जिंकणं भाग होतं. तेलंगणाला बरोबरी पुरत होती. दीपमालाने पहिल्या अर्ध्यात तीन गोल अडवले आणि तिन्ही वेळा एकोणसाठ फेटे हळहळले. साठावा तबकाची कड घट्ट धरत होता.

सामना संपायला सहा मिनिटं उरली आणि महाराष्ट्राला पेनल्टी मिळाली. आता गोलसमोर दीपमाला एकटीच. मंडळ उठून उभं राहिलं, लेझीम थांबलं. महाराष्ट्राची कॅप्टन धावत आली, तिने उजवीकडे मारला, आणि दीपमाला त्याच बाजूला झेपावली. चेंडू तिच्या पंजाला लागून खांबाबाहेर गेला.

"वा गं माझी वाघीण!"

हे कोण ओरडलं म्हणून एकोणसाठ फेटे मागे वळले. संभाजी बाकावर चढून उभे होते. तबकातला नारळ पायऱ्यांवरून गडगडत खाली जाऊन थेट जाळीला थडकला, तरी त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. केशवरावांनी डोळे वटारून पाहिलं, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच संभाजींना ते दिसले नाहीत.

सामना बरोबरीत सुटला. महाराष्ट्राच्या पोरी स्पर्धेबाहेर गेल्या. केशवराव सत्काराला खाली उतरले, तर कॅप्टन डोळे पुसत म्हणाली, "काका, आज नको. बाहेर पडल्यावर शाल कशी घेऊ?" आणि ती बसमध्ये जाऊन बसली. आता शाल उरली, हर्षवर्धन उरला आणि तयार केलेलं भाषण उरलं. तेवढ्यात माईकवरून आवाज आला: सामन्याची सर्वोत्तम खेळाडू, तेलंगणाची गोलकीपर दीपमाला संभाजी खरात.

केशवरावांचा चेहरा उजळला. "खरात! अरे, ही तर आपली पोरगी! शेवटी रक्त मराठी! बोलवा तिला. संभाजी, तबक आण!"

दीपमाला आली. अंगभर माती, हातांत मोठे हातमोजे, ढोपरावर रक्त. विमलाबाईही मागोमाग आल्या आणि हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. केशवरावांनी घसा खाकरला. "मंडळाला पहिल्यापासून खात्री होती..."

"साहेब," संभाजी म्हणाले, "जरा हे धरा."

कुणी काही पुढे केलं की ते आपोआप हातात घ्यायचं, ही केशवरावांचीही जुनी सवय. त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि तबक धरलं. आपण काय धरलंय हे त्यांना उमजेपर्यंत संभाजींनी तबकातली शाल उचलली होती, झटकली होती आणि लेकीच्या खांद्यावर घातली होती. डोक्यावरचा फेटा काढून त्यांनी तबकात ठेवला, नारळाच्या जागी. दीपमाला हळूच म्हणाली, "पप्पा, रडताय काय?" ते रडत होते.

हर्षवर्धनने सवयीप्रमाणे दोघांना चौकटीत गच्च बसवलं आणि फोटो काढला.

मंडळाच्या अहवालात तो फोटो आला नाही. खरातांच्या घरी तो दारासमोरच्या भिंतीवर लावला आहे. मधे शाल पांघरलेली दीपमाला आणि तिचा बाप, दोघंही हसताहेत, बाप ओल्या डोळ्यांनी. उजव्या कडेला अर्धं तबक, त्याखाली कुणाचे तरी हात आणि एका बोटात पोवळ्याची अंगठी. पाहुणे आले की विमलाबाई आधी त्या कडेवर बोट ठेवतात आणि सांगतात, "हे आमचे अध्यक्ष."