उपरण्याखालची बोटं

आमच्याकडे शेळी-बोकडाचा भाव तोंडानं सांगत नाहीत. उपरण्याखाली समोरच्याची बोटं धरायची. एक बोट म्हणजे एक हजार. एकदा धरलं की तो शब्द झाला. आखाडा बाळापूरच्या बाजारात मी जन्मभर असेच सौदे केले आणि स्वतःला मोठा पोचलेला समजत आलो. मग आमवात लागला. गोळ्यांनी दुखणं निवतं, पण बोटं बाभळीच्या मुळ्यांसारखी वाकडीच राहिली.

त्या दिवशी बोकडाचे पाच मागायचे म्हणून मी ग्यानबा व्यापाऱ्याचा पंजा धरला. मूठ पुरी मिटलीच नाही. त्याचा अंगठा बाहेर राहिला.

"मंजूर हाय, रखमाजीमामा," म्हणत त्यानं चार हजार हातावर ठेवले.

चूक झाली म्हणालो असतो तर लोक म्हणाले असते, म्हातारा शब्द फिरवतो. आणि दुखणं सांगायची लाज. तोटा घेऊन ताठ मानेनं घरी आलो. अंगात ताठ तेवढी मानच उरली होती असंही नाही, गुडघेही होते.

"बा, आता तुमी घरीच बसा. बाजार मी पाहतो," माझा मुलगा शिवहार म्हणाला.

"काहून? पाय चालून राहिले ना."

"सौदा पायानं करता काय?" चुलीपासून माझी बायको पंचफुला बोलली.

घरी बसायचं म्हणजे शेळ्यांच्या शेजारी मलाही खुंट्याला बांधणं. पुढच्या बाजारी मी शिवहारच्या आधी टेम्पोत जाऊन बसलो.

ग्यानबानं उपरणं पुढं केलं. मी हात आत घातला नाही, सगळ्यांसमोर उघडा धरला.

"ही बोटं आता लबाड झाली. भाव तोंडानं सांगतो. पाच हजार."

"उघडा भाव? मामा, भाजी इकून राहिले का?"

"भाजीवाल्याला बोटं तरी सरळ लागत न्हाईत."

लोक हसले. मीही हसलो, जरा उशिरानं. माझा भाव ऐकून शेजारच्यानं आपला बोकड स्वस्त केला, म्हणून मलाही थोडं उतरावं लागलं. पण उतरलो ते माझ्या मनानं.

"बा, तुमचं तोंडबी काही कमी महाग न्हाई," परतताना शिवहार म्हणाला.

पुढच्या बाजाराला त्यानं मला तासभर आधीच हाक मारली. हात शेकायला गरम पाण्याचं भगुनं खाटेजवळ ठेवलं आणि बोकड टेम्पोत चढवायला गेला.