डागी काळीज

त्याच्या दुकानात काळीज म्हणजे काळीज. भीतीने ज्याचं पाणी होतं आणि लेकरू ज्याचा तुकडा असतं, ते काळीज वेगळं. त्याचं काळीज संगमरवरी फळीवर डाव्या हाताला पडलेलं असे. तपकिरी, गुळगुळीत, मधे जाड आणि कडेला पातळ. डॉक्टर त्याला यकृत म्हणत, शिकलेली माणसं लिव्हर म्हणत. तीस वर्षं तो अवयव रोज हाताळणाऱ्या या माणसाचं त्या दोन्ही शब्दांवाचून काही अडलं नव्हतं.

बाजारात त्याला एकघाव म्हणत. सुरी एकदाच चालायची, आणि तोंडही. "जरा चांगलं बघून द्या," असं गिऱ्हाईक म्हणालं, की तो म्हणे, "वाईट ठेवतच नाही." संवाद संपला.

धंद्यात त्याचा एक नियम होता. काळजावर वाटाण्याएवढा जरी पांढरा डाग दिसला, तरी आख्खं काळीज बादलीत. डागाभोवतीचं कापून उरलेलं विकणारेही बाजारात होते. त्यांच्याविषयी तो जे बोलायचा ते छापण्यासारखं नाही.

म्हणून स्कॅन झाल्यावर डॉक्टर जेव्हा म्हणाले, "यकृताच्या उजव्या भागात साडेपाच सेंटिमीटरची गाठ आहे," तेव्हा त्याने बायकोकडे पाहिलं.

"काळजात म्हणतायत हो," ती हळूच म्हणाली.

वाटाणा नव्हे, चांगलं मोठं लिंबू. एकघावने मनातल्या मनात बादली पुढे ओढली.

गाठ सापडली तीही बायकोमुळे. आठ वर्षांपूर्वी तो रक्तदान करायला गेला आणि रक्तपेढीने निरोप पाठवला, की रक्तात हेपॅटायटिस बी आहे. बहुधा जन्मतानाच आईकडून आला असावा, असं डॉक्टर म्हणाले. चाळीस वर्षं हा पाहुणा पोटात राहिला आणि त्याने एकदाही चहा मागितला नाही. बायकोने स्वतःला लस टोचून घेतली, नवऱ्याला रोजची गोळी सुरू केली आणि दर सहा महिन्यांची सोनोग्राफी कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवली. गोळी तो घ्यायचा, कारण ती हातावर ठेवून समोर उभी राहायची. सोनोग्राफीचं मात्र गेली दोन वर्षं "जातो, जातो" चाललं होतं. यंदा तिने भर दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि म्हणाली, "निघा." गिऱ्हाइकं आत, मालक बाहेर. तो निघाला.

पुढच्या तपासण्या भराभर झाल्या. शिरेत औषध सोडून पुन्हा स्कॅन काढला. ही गाठ रक्त घाईने पिते आणि घाईने ओकते, आणि त्याच सवयीने पकडली जाते, असं त्याला सांगण्यात आलं. यकृताचा कॅन्सर. नातेवाइकांनी सगळ्यात आधी दारूचा विषय काढला. त्याने आयुष्यात दारू घेतली नव्हती, हे कळल्यावर काहीजणांचा विरसच झाला.

सर्जनबाई पन्नाशीच्या, ठेंगण्या, नखं मुळापर्यंत कापलेल्या. एकघावने आधी त्यांची बोटं पाहिली, मग चेहरा.

"तुमची तीन बाबतीत बाजू चांगली आहे," त्या म्हणाल्या. "गाठ एकच आहे. मोठ्या शिरेत शिरलेली नाही. आणि बाकीचं यकृत ठणठणीत आहे. काढता येईल."

"काळीज काढल्यावर माणूस करतो काय?"

"सगळं नाही काढत. उजवा अर्धा भाग."

"आणि डागी काळजाचा दुसरा अर्धा पोटातच ठेवायचा?"

"हो."

"आम्ही ठेवत नाही," एकघाव म्हणाला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुमच्याकडे ते मेलेलं येतं. माझ्याकडे जिवंत असतं. जिवंत यकृत कापलं तर उरलेलं वाढतं."

"तीस वर्षं कापतोय. एकही वाढलेलं पाहिलं नाही."

"वाढायच्या आत तुमची गिऱ्हाइकं खातात."

बायकोला हसू आलं आणि तिने ते पदरात दाबलं. एकघाव उठला, हात जोडले आणि सही न करता घरी आला.

घरी मेहुणा वाट बघत होता. हा बायकोचा धाकटा भाऊ; मोटार चालवायला शिकवण्याच्या धंद्यात होता, त्यामुळे शेजारी बसून दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगणं हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. दाजींच्या काळजाचं ऑपरेशन आहे, एवढं त्याने संध्याकाळपर्यंत निम्म्या गावाला कळवलं. निम्मं गाव काळजाचा एकच अर्थ जाणत होतं. दुसऱ्या दिवसापासून लोक येऊन छातीकडे बघत बसू लागले. जिना चढू नका, रागावू नका, दचकू नका. आत्याने आपल्या दोन मुलांचं भांडण कोर्टात गेल्याची बातमी त्याच्यापासून लपवली, कारण काळजाला धक्का नको. एकघावला वर्षभरात इतके शांत दिवस मिळाले नव्हते.

मेहुण्याने एक हिरवी भुकटीही आणली. "दाजी, लिव्हर धुऊन निघतं याने."

"धुऊन डाग जात नाही," एकघाव म्हणाला. "मी धुऊन बघितलंय."

डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही, ही ताकीद होतीच. बायकोने भुकटी गॅलरीतल्या कुंडीत ओतली. झाड वाढलंही नाही आणि मेलंही नाही. मेहुणा म्हणाला, "बघ, अपाय तर नाही ना."

चार दिवस सही झाली नाही. पाचव्या दिवशी बायकोने सकाळची गोळी त्याच्या हातावर ठेवली आणि हात धरूनच ठेवला.

"आठ वर्षं ही गोळी मी तुम्हाला रोज देतेय. बाकीचं काळीज ठणठणीत आहे म्हणतात, ते कशाने राहिलं? आणि तुम्ही ते बादलीत टाकायला निघालात. धंद्याचा नियम तुमचा. मी काय तुमचं गिऱ्हाईक आहे?"

त्याने गोळी गिळली आणि चपला घातल्या.

सर्जनबाईंनी या वेळी कागद ओढला आणि काळजाचं चित्र काढलं. बरं काढलं होतं. कड थोडी जाड होती, तेवढं त्याने सांगितलं.

"तुमची डावी बाजू एकूण यकृताच्या सव्वीस टक्के आहे," त्या म्हणाल्या. "एवढ्यावर माणसाचं भागत नाही. आज उजवी बाजू काढली तर गाठ जाईल आणि तुम्हीही जाल. म्हणून आधी डावी वाढवायची."

"कशी?"

"उजव्या बाजूला जाणारी शीर आतून बंद करते. एका वाफ्याचं पाणी अडवलं की सगळं दुसऱ्या वाफ्याला जातं ना, तसं. कुशीत बारीक भोक, फार कापाकापी नाही. पाच आठवड्यांनी मोजू."

"आणि नाही वाढलं तर?"

"तर मी सुरी लावणार नाही. दुसरे उपाय आहेत, ते बघू."

कुठे कापायचं हे सांगणारे एकघावला आयुष्यभर भेटले होते. कधी कापणार नाही, हे आधी सांगणारं माणूस पहिल्यांदाच भेटत होतं.

"मोजताना मी समोर पाहिजे," तो म्हणाला.

शीर बंद झाली. दोन दिवस कणकण, उजवीकडे ठणका, मग काही नाही. पाच आठवडे तो दुकानात बसला, पण सुरी बायकोने हातात घेतली. ती त्याच्याइतकी झपाझप कापत नसे, पण गिऱ्हाइकांशी बोलायची, त्यामुळे गर्दी वाढली. यावर त्याने मत दिलं नाही.

पाच आठवड्यांनी सर्जनबाईंनी स्कॅन पडद्यावर लावला आणि खुर्ची त्याच्याकडे सरकवली. काळीज वरून खाली, काप काप करत उलगडत गेलं.

"केवढ्या जाडीचा काप आहे हा?"

"एक मिलिमीटर."

एकघावने मान डोलावली, जशी तो आणखी कोणासाठी डोलावत नसे. मग पडद्याजवळ गेला आणि डाव्या कडेवर बोट ठेवलं. "ही कड पातळ होती. आता गोल झालीय."

"बरोबर."

"सूज नाही ना?"

"तेच मी सकाळी तीनदा तपासलं. सूज नाही. सव्वीसची एकोणचाळीस टक्के झालीय. भागतं एवढ्यावर."

त्याने पडद्यावरचे काप मागे घ्यायला लावले, पुढे घ्यायला लावले. जुना स्कॅन शेजारी लावून घेतला. पाठीच्या कुठल्या मणक्यापर्यंत कड आधी होती आणि आता कुठे आली, हे स्वतः मोजलं. मेलेल्या काळजाबद्दल त्याला ठाऊक असलेलं सगळं खरं होतं, आणि हे त्यात कुठेच नव्हतं.

"पेन द्या," तो म्हणाला.

ऑपरेशन साडेसहा तास चाललं. बाहेर मेहुणा येरझाऱ्या घालत प्रत्येक वॉर्डबॉयला रस्ता दाखवत होता. बायको एका जागी बसून होती; कोणी काही विचारलं की "अजून आत आहेत" एवढंच म्हणायची. सर्जनबाई बाहेर आल्या तेव्हा टोपीचा वळ कपाळावर उमटला होता.

"निघाली. रक्त फार गेलं नाही. उरलेल्याचा रंग छान आहे."

बायकोने त्यांचे दोन्ही हात धरले आणि मग, लाज वाटून, सोडले. मेहुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ए.सी.मुळे, असं त्याने सांगितलं.

पुढचे दिवस सोपे नव्हते. पोटात नळी, डोळ्यांना आठवडाभर पिवळी झाक, खोकला आला की उशी पोटाशी धरायची. तिसऱ्या दिवशी त्याला कॉरिडॉरमध्ये चालवलं तेव्हा चार खिडक्यांचं अंतर त्याला जिल्ह्याएवढं वाटलं. पाचव्या दिवशी त्याने सर्जनबाईंना विचारलं, "काढलेल्याचं वजन किती भरलं?"

"आठशे दहा ग्रॅम."

"बरं आहे," तो म्हणाला आणि त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवला.

तपासणीचा अहवाल आला. गाठीभोवती सगळीकडून बोटभर निरोगी भाग निघाला होता. कापलेल्या कडेवर कॅन्सर नव्हता.

सहा महिन्यांनंतरचा स्कॅन पाहताना बाईंनी आधी ताकीद दिली. विषाणू आहे तिथेच आहे, गोळी जन्मभर, स्कॅन दर तीन महिन्यांनी. या गाठीला परत यायची सवय आहे, त्यामुळे "जातो, जातो" चालणार नाही.

"त्याची काळजी नको," बायको म्हणाली.

मग त्यांनी पडदा वळवला. गाठ कुठेच नव्हती. डावी बाजू फुगत, वळत, उजवीकडच्या रिकाम्या जागेत पसरली होती.

"आकार वेगळा दिसतोय," एकघाव म्हणाला.

"पहिल्यासारखा होत नाही. जागा मिळेल तसं भरतं. पण मूळच्या नव्वद टक्के झालंय, आणि काम शंभर टक्के करतंय."

तो बाहेर पडला तो बोलतच. पायऱ्यांवर बोलला, फाटकात बोलला, औषधाच्या दुकानापाशी उभा राहून बोलला. कड कुठून निघाली, कुठे वळली, शीर कशी जाड झाली, बाईंनी कोणत्या रेषेत सुरी घेतली असणार आणि तो असता तर कोणत्या रेषेत घेतली असती, आणि बाईंचीच रेषा कशी बरोबर. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, इतकं तो एकूणही बोलला नसेल. बायको पिशवी सांभाळत ऐकत होती आणि मधेमधे "हं" म्हणत होती.

चौकात लाल दिव्यापाशी माणसं थांबली होती. त्याने सदरा वर केला, टाक्यांच्या लांब व्रणावर हात ठेवला आणि शेजारच्या, कधी न पाहिलेल्या गृहस्थांना म्हणाला, "यातून अर्धं काढलं. परत वाढलं. मी स्वतः मोजलंय."

गृहस्थांनी बायकोकडे पाहिलं.

"खरं आहे," ती म्हणाली. "अहो, सदरा खाली घ्या. सिग्नल सुटला."