आरसा निवेपर्यंत

"दुपारपर्यंत तरी ये," नोरा भट्टीच्या दाराशी उभी राहून म्हणाली. "आपली सोरखा तापात सारखी तुझंच नाव घेतेय."

टायगचा तळवा भट्टीच्या विटांवर होता. आत तांबं-कथील ओतून केलेला, माणसाएवढा आरसा निवत होता. एवढ्या आरशाची दुर्बीण तोवर कुणी केली नव्हती. आधीचे दोन आरसे घाईने निवले आणि काचेसारखे तडकले. म्हणून या खेपेला दुर्बीण बांधवून घेणाऱ्या जमीनदार धन्यांनी विस्तव सात आठवडे हळूहळू उतरवायचा ठरवला होता, आणि भिंतीला हात लावून आतली धग ओळखणारा अख्ख्या आयर्लंडात टायग एकटाच. विहिरीवरच्या बाया नोराला म्हणत, भट्टी तुझी सवत झाली गं. नोराही हसायची.

आज ती हसली नाही.

"आज शेवटचा विस्तव काढायचाय," तो म्हणाला. "उद्या येतो. तिला सांग, खांद्यावर बसवून आरसा दाखवतो."

नोराने तसं सांगितलं. पोरगी दाराकडे बघत राहिली आणि उन्हं कलायच्या आत गेली. सात वर्षांची होती.

आरसा अखंड निघाला. धन्यांनी सर्वांदेखत टायगचा हात हातात घेतला. दूरदूरचे विद्वान आले, दुर्बिणीतून दिसणारे आभाळातले ताऱ्यांच्या धुक्याचे भोवरे कागदावर उतरवून घेऊन गेले. ओल्या हवेने आरसा काळवंडायचा. तो घासून उजळायचं काम टायगकडे आलं. मध्ये बटाट्याचं पीक कुजलं, अर्धा गाव जहाजाने निघून गेला. नोरा रोज त्याचं जेवण घेऊन जायची, बटाटे नसले तर नुसती पेज, आणि त्याच्या कामाच्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवायची. तो म्हणायचा, बस जरा. ती म्हणायची, घरी काम आहे. बत्तीस वर्षांत त्या दिवसाबद्दल दोघांत एक शब्द झाला नाही.

मग चांदीचा मुलामा दिलेले काचेचे आरसे निघाले. हलके, उजळ. धन्यांच्या मुलाने दुर्बीण बंद केली आणि टायगला गोड बोलून निरोप दिला.

भर दुपारी तो घरी आला. नोरा चुलीपाशी बटाटे सोलत होती.

"आलास?"

"आलो."

टोपी हातात धरून तो उभाच राहिला. आपल्याच घरात दिवसाउजेडी कुठे बसावं, ते त्याला कळेना. नोरा उठली. खिडकीखालच्या सोरखाच्या लहान खाटेवरची घोंगडी तिने बाजूला सारली. त्या खाटेवर आजवर तिने कुणाला बसू दिलं नव्हतं.