एका पणतीसाठी घेतलेलं नाव

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात वर्गावर बाई एकटीच असते. मुलं तरटावर ओळीनं बसलेली दिसतात, पण ती तिथं नसतात. कुणी आईच्या कढईपाशी असतं, कुणी मामाच्या बैलगाडीत. मी फळ्याकडं तोंड करून विचारलं, "बारा लाडू चौघांत वाटले, तर एकेकाला किती?" मागून शांतपणे आवाज आला, "बाई, बेसनाचे का रव्याचे?"

एरवी मी रागावले असते. त्या साली मात्र मीही वर्गात नव्हते. मला एका नावाचा घोर लागला होता.

ते नाव बद्रीनाथ. लिहायला मला काही वाटत नाही. लिहिलेलं आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, वाचता येत नाही आणि लिहिताना जीभ हलवावी लागत नाही. तोंडानं घ्यायचं म्हटलं की अडचण, कारण हेच नाव माझ्या मालकांचं. बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य तेवढं झिजतं, असं आमच्याकडं म्हणतात. ट्रेनिंगला असताना असल्या समजुतींवर मी पानभर लिहून शाबासकी मिळवली होती. पण पानावरची अक्कल जिभेपर्यंत उतरलीच नव्हती. आणि तिसरीच्या माझ्या वर्गात, हजेरीच्या बरोबर मध्यावर, शहागंजच्या बाजारात सीताफळं विकणाऱ्या कारभारींचा मुलगा बसला होता. बद्रीनाथ.

दसऱ्यापर्यंत याचा कुणाला पत्ता लागला नाही. त्याला कारण अनवरीबाई.

पोलीस ॲक्शन झाल्यावर आमची शाळा मराठी झाली, पण एका अंगाचे वर्ग उर्दूच राहिले. माझ्या वर्गाला लागून अनवरीबाईंचा वर्ग, मध्ये एक दार. पहिल्याच आठवड्यात मी हजेरीत अडखळले, ते तिनं दारातून ऐकलं. मधल्या सुट्टीत पानाचा डबा उघडत म्हणाली, "कायकू अटकी गे, सारजा?"

मी सांगितलं. ती हसून हसून भिंतीला टेकली.

"मेरे जमात में बी एक चांदपाशा है," ती म्हणाली. तिच्या मालकांचं बांगड्यांचं दुकान होतं आणि त्या दुकानाच्या पाटीवर हेच नाव होतं. "उसका नंबर आया तो मेरी जुबान कू ताला. ऐसा कर. तू मेरे वाले कू पुकार, मैं तेरे वाले कू पुकारती."

मग ते रोजचंच झालं. हजेरीत बद्रीनाथाची पाळी आली की मी दाराशी जाऊन खाकरायची. पलीकडून अनवरीबाई ठणठणीत आवाजात हाक मारायची, "बद्रीनाथ", आणि अलीकडून पोरगं म्हणायचं, "हजर". थोड्या वेळानं तिकडं बांगड्या वाजायच्या. मग मी इकडून "चांदपाशा" म्हणायची आणि तिकडून "हाजिर" यायचं. मुलांना वाटायचं, शाळेत असंच असतं.

दसरा झाला आणि अनवरीबाई भावाच्या लग्नाला जालन्याला गेली. लग्न लागलं, वलीम्याची जेवणं झाली, तरी ती परतेना. तिच्या जागी एक म्हातारे मौलवीसाहेब आले. त्यांच्या दाराशी जाऊन खाकरायची माझी काही छाती झाली नाही.

पहिल्या दिवशी मी "पुढचा" म्हणाले. दुसऱ्या दिवशी "सीताफळवाला". वर्ग हसला, तो हसला नाही. तिसऱ्या दिवशी मी म्हणाले, "कारभारींचा मुलगा."

तो उभा राहिला. "ते माझ्या बापाचं नाव हाय, बाई. माझं नाय." आणि खाली बसला. हजर काही म्हणाला नाही.

शाळेला सुट्टी लागायला थोडेच दिवस उरले असताना कारभारी स्वतः शाळेत आले. डोक्यावरची पाटी पायरीशी उतरवली, वरचा पाला सारखा केला आणि पटका सोडून हातात घेतला.

"बाई, राग नका धरू. पोरगं म्हणतंय, दिवाळी झाली की शाळा बास. आजीकडं चितेगावला जाऊन शेरडं वळतो म्हणतंय."

"का?"

"म्हणतंय, बाई समद्यांची नावं घेत्यात, माझं टाकत्यात. माझं नाव वंगाळ हाय का, असं मायला इचारीत होतं. आता देवाच्या ठिकाणाचं नाव ठिवलंय. म्या काय तिकडं गेलो नाय, पर ऐकलंय, लई थंड हाय."

मी मान खाली घालून कारण सांगितलं. कारभारी पटक्याआड हसले.

"मंग अवघडच हाय. आमची बी तशीच. डोक्यावरून पाटी घसरली तरी नाव घेत नाय, 'आवो, गेली' म्हणती."

"तुम्हीच त्याला समजावून सांगा ना."

दुसऱ्या दिवशी निरोप आला. पोराला सगळं सांगून झालं होतं. ते म्हणालं होतं, "मंग बाईंनी त्यांच्या मालकाचं नाव बदलावं."

त्या संध्याकाळी घरी चकलीची भाजणी मळायला घेतली होती. आत्याबाई सोऱ्यापाशी, मी कढईपाशी, आणि मालक तहसील कचेरीतून येऊन 'चव बघतो' म्हणत चुलीजवळ. चव बघून बघून निम्मा डबा उतरला होता. मी सगळी हकिकत सांगितली.

"एवढंच ना?" मालक म्हणाले. "वर्गात मी थोडाच असतो. घ्यायचं नाव."

"तू नसतोस, देव असतो," आत्याबाई म्हणाल्या.

"मग देवानं मला वाचवावं."

"त्याला तेवढंच काम हाय का?" आत्याबाईंनी सोऱ्या पिळला. "सारजा, पोराला बंडू म्हण. गोड नाव हाय."

"आत्याबाई, ते नावावरच तर रुसलंय."

"मग रुसू दे. माझा एकुलता एक हाय."

"कारभारींचाही एकुलताच आहे," मी म्हणाले. चकलीचं टोक तुटलं. आत्याबाईंनी ते पुन्हा जोडलं.

खरं सांगायचं तर आत्याबाईंची आडकाठी ही माझी सोय होती. त्या नसत्या तरी जीभ उचलली नसती. दुसऱ्या दिवशी मुलं गेल्यावर रिकाम्या वर्गात मी दार लावून फळ्यापुढं उभी राहिले. हिय्या करून तोंड उघडलं. 'बदाम' निघाला. पुन्हा उघडलं, 'बदक' निघालं. मी पदरानं घाम टिपला. एका मुलाचं शाळेत राहणं किंवा न राहणं माझ्या ओठांवर येऊन थांबलं होतं, आणि ओठ बाहेर काढत होते बदक.

सुट्टीच्या आदल्या दिवशी हेडमास्तर तात्यासाहेबांनी कार्यक्रम ठेवला. मुलांनी गेरूनं आणि चुन्यानं रंगवलेल्या पणत्या टेबलावर मांडायच्या, आईबापांना बोलवायचं, आणि वर्गाच्या बाईंनी एकेकाचं नाव पुकारून त्याची पणती त्याच्या हातात द्यायची.

"तात्यासाहेब, नावं तुम्हीच पुकारली तर?" मी म्हणाले.

"छे छे. तुमच्या आवाजात गोडवा आहे," ते म्हणाले आणि सतरंज्या मोजायला गेले.

घरी हे कळल्यावर आत्याबाईंनी ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं. "सून दिवसभर करती काय, ते तरी बघू दे," म्हणाल्या. मला वाटतं, त्या पहाऱ्यालाच निघाल्या होत्या. मालकांनी त्यांना टांग्यातून आणलं आणि स्वतः मागं, खांबाला टेकून बसले. आत्याबाई अगदी पुढं, बायकांच्या मधोमध बसल्या. बसल्या बसल्या शेजारणीला सांगून मोकळ्या झाल्या, की त्या उभ्या आहेत ना, त्या माझ्या सूनबाई.

मी नावं पुकारू लागले. एकेक मूल उठायचं, पणती ओंजळीत धरायचं आणि तेल सांडणार नाही अशा बेतानं चालायचं. तेल तर नव्हतंच पणतीत. सुरुवातीच्या नावांना आवाज नीट होता. मग हजेरीचा मध्य आला.

बद्रीनाथ मांडी घालून बसला होता. केसांना चपचपीत तेल, अंगात दोन वर्षांनी बसेल असा नवा सदरा. शेजारी फडक्यात बांधलेली शाळेची पुस्तकं होती. परत करायला आणली होती. तो माझ्याकडं बघत नव्हता, पायाच्या अंगठ्याकडं बघत होता. त्याच्या मागं कारभारी बसले होते, तेही अंगठ्याकडंच बघत होते.

मी पणती उचलली. गेरूच्या लाल रंगावर चुन्याचे ठिपके होते, एक ठिपका फिसकटला होता. पुढच्या ओळीत आत्याबाईंनी पदर सावरला.

बायकांचं बोलणं अडवून धरलेल्या या मुलखात बायकांनीच एक चोरवाट काढून ठेवली आहे. जात्यापाशी, हळदीकुंकवात, उंबरठा अडवून उभ्या राहिलेल्या नणंदांपुढं. नाव सरळ घेतलं तर पाप, यमकात घेतलं तर कौतुक. त्या वाटेनं मी लग्नापासून एकदाही गेले नव्हते. आता पायाला तीच लागली.

मी डोळे मिटले आणि म्हणाले,

"शहागंजात उतरली सीताफळांची पाटी,
बद्रीनाथरावांचं नाव घेते एका पणतीसाठी."

मग बायकांच्या ओळीतून जे हसू उठलं, ते मौलवीसाहेबांच्या वर्गापर्यंत गेलं. डोळे उघडले तर समोर दोघं उभे. एक वर्गातला आणि एक मागं खांबापाशी. माझ्या मालकांना कचेरीची सवय. मोठ्यानं नाव पुकारलं की ते उठून उभे राहतात. उभेच राहिले नव्हते, पणती घ्यायला चार पावलं चालूनही आले होते.

आत्याबाई मागं वळल्या. आता काय होतं म्हणून मी टेबलाची कड धरली.

"अरे मोठ्या बद्रीनाथा," त्या म्हणाल्या, "तू बस खाली. तुझी नाय ती पणती. येऊ दे त्याला पुढं."

मालक सतरंजीवर जिथं होते तिथंच बसले, बायकांच्या मध्ये. बद्रीनाथ पुढं आला. ओंजळ केली. पणती हातात पडल्यावरही हलेना.

"बाई," तो हळूच म्हणाला, "राव म्हणलात?"

"म्हणाले."

"दुसऱ्या कुणाला नाय म्हणलात."

"नाही."

त्यानं मान हलवली, जणू हिशेब जुळला. जागेवर परत गेला आणि पुस्तकांच्या गाठोड्यावर चढून बसला. कार्यक्रम संपेपर्यंत ते गाठोडं त्यानं कुणाला दिसू दिलं नाही.

परतताना टांग्यात घोड्याच्या टापा ऐकत मी बोलणी खायची तयारी करत होते.

"सारजा," आत्याबाई म्हणाल्या, "लग्नात तुझ्या पुढं चांदीचं ताट मांडलं होतं. नाव घे म्हणून समद्या बसून राहिल्या. जेवण निवलं. तवा तोंडातून शब्द नाय निघाला. आणि आज एका मातीच्या पणतीसाठी घेतलंस?"

मालक पुढं टांगेवाल्याशेजारी बसले होते, त्यांचे खांदे हलत होते.

"तू हसू नको," आत्याबाई त्यांच्या पाठीला म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, "आणि पाटीला साठी काय जोडलंस? पहिल्यांदा जे सुचतं ते कुणी घेत असतं का? जरा घोळवायचं. आता दिवाळीनंतर शाळा उघडल्यावर काय करशील? रोज तेच म्हणशील?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एकदाचं नाव घेतलं की सुटले, असं मला वाटलं होतं. हजेरी तर रोज असते.

ती दिवाळी आमच्या घरी करंज्यांच्या पिठात यमकं मळण्यात गेली. पहाटे अभ्यंगाला मालकांच्या पाठीला उटणं लावताना आत्याबाई मध्येच थांबून म्हणायच्या, "कारल्याच्या वेलाला... नको, कारलं कडू." लक्ष्मीपूजनाला आरती चालू असताना त्यांना मोगरा सुचला आणि आरतीचं एक कडवं गाळलं गेलं. मालक तक्रार करायचे, "नाव माझं, आणि कौतुक त्या पोराचं." आत्याबाई म्हणायच्या, "तू काय कुणावर रुसून चितेगावला निघाला नव्हतास." नाव घेतल्यानं कुणाचं आयुष्य झिजतं का, हा विषय पुन्हा निघाला नाही. उलट पाडव्याला ओवाळताना आत्याबाईंनी मला दोनदा नाव घ्यायला लावलं, पहिल्यांदा चाल नीट बसली नाही म्हणून.

तरी माझ्या मनात धाकधूक होतीच. पोराच्या जातीला पणतीचा आनंद किती दिवस पुरणार. चितेगावला आजी होती, शेरडं होती, तिथं हजेरी नव्हती.

भाऊबीजेला दुपारी कडी वाजली. मालकांनी दार उघडलं. मी आत फराळाची ताटं करत होते, मला बोलणं ऐकू येत होतं.

"बाई हायेत का?"

"आहेत. कोण आलंय म्हणून सांगू?"

"बद्रीनाथराव."

मालक आत आले. तोंड अगदी गंभीर. "ऐकलं का, बद्रीनाथराव आलेत," म्हणाले आणि पाट मांडायला लागले.

तो उंबऱ्यातच उभा होता. तोच मोठा सदरा, हातात पानांत बांधलेली सीताफळं. आत्याबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, कपाळाला कुंकू लावलं आणि पुढ्यात करंज्या ठेवल्या. त्यानं आधी दोन करंज्या संपवल्या. शाळेत येणार का, हे मी विचारलं नाही. विचारलं आणि नको तेच उत्तर आलं तर, अशी भीती होती.

तिसरी करंजी हातात घेऊन त्यानं विचारलं, "शाळा कधी उघडणार, बाई?"

"सोमवारी."

तो थोडा विचारात पडला. बापाच्या पाटीशेजारी बसून बसून आलेलं शहाणपण त्याच्या कपाळावर उमटलं.

"मंग नावात सीताफळं घालू नका," तो म्हणाला. "तवर ती सरत्यात. पेरू घाला."