इंजिनाला माया

टेप घडी करून ठेवला होता. कात्रीच्या शेजारी, चौकोनी, रुमालासारखा — आणि टेपची कुणी घडी करतं का, टेप गुंडाळायचा असतो, बोटाभोवती, सैल हाताने, नाहीतर घडीवरचे आकडे उडतात आणि मग त्याच गिऱ्हाइकाची कंबर कधी भरते, कधी आटते. एवढं साधं ज्ञान नसलेली बाई या घरात सून होऊन आली होती, आणि तिनेच, दुसरं कोण, सकाळी न विचारता टेप उचलला होता. उचलला तर उचलला, पण कशाला? तर स्वतःचा पाय मोजायला. भिंतीला पाठ लावून, मांडीच्या आतल्या बाजूने टाचेपर्यंत, एकटीनं... आणि आलेला आकडा तळहातावर पेनाने लिहून ती आपल्या लिफ्ट-दुरुस्तीच्या कामावर निघून गेली होती. शिंपिणीच्या घरात आपलं माप आपणच घ्यायचं, म्हणजे सुताराच्या सुनेने शेजारून स्टूल मागून आणायचं.

हे सगळं लेकाने चहाच्या कपाआडून सांगितलं. लेक चष्म्याच्या दुकानात होता. त्याला प्रत्येक गोष्टीच्या दोन्ही बाजू स्वच्छ दिसत, हाच त्याचा दोष.

“गाडीच्या सीटची उंची असते ना आई, ती आणि पाय जुळतो का ते बघत होती.”

“मी पाय किती लांब आहे विचारलं होतं का? मी विचारलं होतं, गाडी केवढी घ्यायची.”

“तेही खरंच,” लेक म्हणाला, आणि कप घेऊन आत गेला.

सुनेला मोटरसायकल हवी होती. साधी नाही, स्पोर्टची — गांधीलमाशीच्या तोंडाची, शेपूट वर केलेली. गावाबाहेर शर्यतीचा रस्ता होता, तिथे सुट्टीच्या दिवशी वळणं कशी घ्यायची ते शिकवत, बायकांनाही शिकवत, आणि हिला ते शिकायचं होतं. सासू आता आकाशपाताळ एक करणार अशी गल्लीची खात्री होती. आणि गल्लीची खात्री होती म्हणूनच सासूने हूं की चूं केलं नाही. घे म्हणाली. लोकांना जे वाटतं त्याच्या बरोबर उलट वागायचं, ही तिची जुनी खोड, आणि या खोडीपायी तिला आयुष्यात फार मौज मिळाली होती. तिचं म्हणणं एवढंच होतं की घ्यायची तर नाव घ्यावं अशी घे. आणि ही बया काय घेत होती? तीनशे सीसीची.

सीसी म्हणजे काय हे तिने लेकालाच विचारून घेतलं होतं, कारण सुनेला विचारायचं म्हणजे नाक खाली. “आत किती मावतं ते,” तो म्हणाला होता. “म्हणजे पोट.” “हो... पोटच म्हण.” मग झालं तर. पोट तिला कळत होतं. शाळा तिने अर्धवट सोडली, अक्षरं तिला अजून दबकतच भेटत, पण पोटं तिने जन्मभर मोजली होती. लोक श्वास आत ओढून उभे राहायचे आणि ती टेप धरून निवांत थांबायची. माणूस श्वास धरून धरून किती धरेल, शेवटी सोडतोच, आणि सोडला की जे येतं ते खरं माप. तेव्हा तीनशे, सहाशे, हजार — हे काही तिला कुणी शिकवायला नको होतं. तीनशेची म्हणजे सहाशेच्या निम्म्या पोटाची. आणि जाऊबाईंच्या लेकाने तर हजारची आणली होती.

त्या गाडीचं कव्हर सासूनेच शिवून दिलं होतं. गाडीभोवती टेप घेऊन फिरताना जाऊबाई मागून म्हणाल्या होत्या, “जरा सैल शिवा हं, तिला घुसमटायला नको.” गाडीला. स्वतःच्या सुनेच्या घुसमटीबद्दल जाऊबाईंनी अशी विचारपूस केल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. ती हजारची आता त्या कव्हरात उभी असे; कधीमधी कोपऱ्यापर्यंत जाई, आणि गल्लीत वळवायला दोन माणसं लागत. पण उभी असे, आणि येणारा-जाणारा बघे, आणि जाऊबाई दाराशी बसून बघणाऱ्याकडे बघत. त्या दाराशेजारच्या दारात तीनशेची लावायची... म्हणजे हत्तीशेजारी शेळी बांधायची.

“सहाशेची घे, वर काय लागेल ते मी घालते,” काल संध्याकाळी जेवताना ती म्हणाली होती.

“पैशाचं नाही, आई.”

“मग कशाचं? भीती वाटते?”

“वाटायलाच हवी ना थोडी. लिफ्टमध्ये पाटी असते बघा, किती माणसं ते. त्यावर एक जरी चढला तरी ती हलत नाही. ती भित्री आहे म्हणून नाही.” सुनेने पाणी प्यायलं. “मला लहान गाडी पुरती वापरायचीय. तिच्यात आहे तेवढं सगळं. आत्ताच मोठी आणली तर ती मला वापरेल.”

बोलायला कमी नव्हतीच. मग तिने आपलं हत्यार काढलं होतं. “हे बघ. कापड बेतताना आम्ही शिवणीच्या आत दोन बोटं जास्त सोडतो. त्याला म्हणतात माया. उद्या अंग भरलं तर उसवून वाढवता येतं. माया नाही ठेवली तर गिऱ्हाईक वर्षाच्या आत शिव्या घालतं. मग इंजिनाला माया नको?”

सुनेचा चमचा थांबला होता. पहिल्यांदाच थांबला असेल. ती काहीतरी वेगळंच ऐकल्यासारखी बघत राहिली होती...

“नाकापेक्षा मोती जड होऊ नये, एवढंच,” लेक म्हणाला, आणि आईचा चेहरा बघून, “अर्थात मोती तो मोतीच.”

आणि सून उठता उठता म्हणाली होती, “उद्या दुपारी शोरूमला हो की नाही सांगायचंय. लाल एकच उरलीय. तुम्ही नको म्हणालात तर नाही घेणार, आई. घरात तोंडं फुगवून मला गाडी नको. पण मोठी नाही घेणार.”

आता याला विचारणं म्हणतात का? हे विचारण्याचे कपडे घातलेलं सांगणं झालं. आणि त्यात खरी गोम अशी की ताणून धरावं तर गाडीच यायची नाही. मग गल्ली म्हणणार, बघा, सासूने आडकाठी घातलीच — आणि जन्मभराची मौज पाण्यात. आणि सून सुट्टीच्या दिवशी घरात बसून राहणार, भांडणारसुद्धा नाही, नीट वागणार. ते तर फारच वाईट.

तिने टेप उलगडला, नीट गुंडाळला, दुकान बंद केलं आणि चालू पडली. आपण जाऊन सहाशेची काढून ठेवायला सांगायचं. समोर दिसली की पाघळेल. कापडाचंही तसंच असतं. ठाणात बघून नको म्हणणारी बाई खांद्यावर टाकलं की आरशापासून हलत नाही.

शोरूममध्ये टायवाला पुढे आला. “या आजी.”

“मावशी म्हण.”

“या मावशी. कुणासाठी बघताय?”

तिने नजरेनेच त्याचं माप घेतलं. पँट बुटावर गोळा झालेली, खांदे दंडावर उतरलेले. कुणीतरी घाईत मोठी आणून अंगावर चढवलेली. बोलायला मात्र गोड होता. सहाशेची घ्या म्हणाला. तीनशेची नेतात आणि वर्षभरात कंटाळून बदलायला येतात. सहाशेची म्हणजे पुढे बघायला नको. ती खूश झाली. हेच, हेच मी म्हणते... आणि खूश होता होता तिला जरा चुटपुट लागली, की आपल्या बाजूने बोलणारं पहिलं माणूस भेटलं ते नेमकं या पँटचं.

“बसून बघता?” टायवाला हसत म्हणाला.

थट्टा करून सुटलेला माणूस तिने अजून पाहिला नव्हता. तिने आपली पिशवी त्याच्या काखेत दिली, खांद्याचा आधार घेतला आणि कपडे सावरत टांग टाकली. पलीकडून गाड्या धुणारा पाण्याचा पाइप हातात धरून बघतच राहिला; त्याचे बूट भिजले तरी त्याला कळलं नाही. वर बसल्यावर तिला हसूच आलं. काय ती टाकी, काय तो रुंद पसारा — सात पिढ्यांत कुणी बसलं नसेल इतक्या उंच. जाऊबाईंनी आत्ता इथून जावं, एवढीच एक इच्छा. हात पुढे, पाठ वाकलेली, मान वर. शिवायला बसतात तशीच बैठक की ही... आणि मग पाय खाली गेले, आणि जमीन आली नाही. बोटं आली. टाचा हवेत. गाडी कणभर कलली आणि टायवाल्याचं तोंड त्या वजनानं लाल झालं.

“बोटं टेकली ना मावशी? बस्स, तेवढी पुरतात. सवय होते.”

सवय होते —

सासऱ्यांचं मशीन. काळं, उंच, उंच माणसाच्या बेतानं बसवलेलं. सासरे गेल्यावर ते तेव्हाच्या नव्या सुनेच्या, म्हणजे तिच्याच पुढ्यात आलं. ती बुटकी. स्टुलाच्या अगदी काठावर बसलं तर पायडलला बोटं पोहोचायची, टाचा कधीच नाहीत, आणि संध्याकाळी पोटऱ्यांत असे गोळे यायचे की भिंत धरून उठावं लागे. तिची सासू वाईट नव्हती. मुळीच वाईट नव्हती. जाता जाता डोक्यावरून हात फिरवून म्हणायची, होईल सवय. आणि झाली. इतकी छान झाली की पुढे स्वतःच्या कमाईचं बसकं मशीन आलं तरी टाचा वरच राहिल्या. मशीनवर, गल्ल्यापाशी, जेवताना टेबलाखालीसुद्धा. एकदा डॉक्टरांनी पोटऱ्या दाबून विचारलं होतं, तरुणपणी पळायचात का हो? ती ताठ मानेनं म्हणाली होती, हो... काय खोटं होतं त्यात, एका जागी बसून पळालेच की मी. मग आज मी काय सांगायला आले होते तिला? तेच ना. डोक्यावरून हात फिरवून, तेच.

माया आतून असते. शिवणीच्या आत, दिसू नये अशी. बाहेरून कपडा अंगाला बसलाच पाहिजे, नाहीतर त्याला माया कोण म्हणेल, त्याला ढगळ म्हणतात. आणि जाऊबाईंच्या दारात ती हजारची उभी आहे ती तर नुसती मायाच माया, कपडा कुठंय त्यात...

“ती लाल दाखव,” ती म्हणाली.

“मावशी, ती तीनशेची आहे.”

“आकडे येतात मला.”

लालवर बसली. पाय सोडले. बोटं टेकली, आणि टाचा — खाली जमीन असूनही टाचा वरच राहिल्या. तिला त्या दाबाव्या लागल्या. आधी उजवी, मग डावी, हट्टी पोराला खाली बसवावं तशा. पोटऱ्यांत एक ओढ आली, सुटली. गाडी सरळ. टायवाल्याने हात काढून घेतला होता आणि तिला ते कळलंही नव्हतं. बराच वेळ ती तशीच बसून राहिली. इतकी साधी गोष्ट होती आणि तिला तिचं इतकं हसू येत होतं की त्या बिचाऱ्याने पिशवी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली.

“आई?”

सून दारात. अंगात कामाचे निळे कपडे, हातांना ग्रीस. “तुम्ही इथे? दुकान?”

“बंद. गिऱ्हाईक कुठे पळत नाही.”

“आणि... बसलात काय अशा?”

“पाय टाकून. माप काय आलं तुझं?”

सुनेने तळहात पाहिला. “पुसलं.”

“एकटीनं घेतलेलं तसंही खोटंच असतं. टेप बघायला वाकलं की पाय आखूड होतो. मला नव्हतं सांगता येत?”

“सकाळी तुमचं तोंड बघून धीर नाही झाला.” मग ती जवळ आली, आणि तिचा आवाज बदलला, मऊ झाला, अगदी नीट. “आई, काल तुम्ही मायेचं बोललात ना. सकाळपासून तेच डोक्यात आहे. तुम्ही इतक्या मायेनं सांगताय आणि मी आपली लिफ्टच्या पाट्या सांगत बसले. सहाशेचीच बघू या.”

आता हिला काय सांगायचं. आपण कापडाबद्दल बोलत होतो, दोन बोटं कापडाबद्दल, आणि ही ती उराशी धरून दिवसभर लिफ्ट वर-खाली करत होती... जिंकलो होतो आपण. अगदी हव्या त्या मापात. मग ते अंगाला बसत का नव्हतं?

सून सहाशेवर चढलीसुद्धा. टायवाला लगबगीने पुढे झाला. तिच्या बुटांची टोकं फरशी चाचपत होती, टाचा वर, पोटऱ्या ताणलेल्या, आणि तोंडावर ते शहाणं हसू.

“टेकतात की,” सून म्हणाली. “होईल सवय.”

“उतर.”

“आई, खरंच, मला चालेल —”

“उतर म्हणते ना. ये इथं.” ती लालवरून उतरली, उतरताना तिने टायवाल्याचा खांदा नाही, सुनेचा धरला. ग्रीस लागलं ते लागलं. “बस.”

सून बसली. दोन्ही टाचा फरशीवर अशा पडल्या, की जणू कुणी हाक मारून घरात बोलावलं. मग तिने हँडल धरलं आणि पुढे वाकली, टाकीवर छाती टेकेपर्यंत, हनुवटी वर, डोळे कुठल्याशा वळणावर लागलेले. आणि क्षणात ते नीट, मऊ, समजूतदार असं जे काही चेहऱ्यावर आलं होतं ते सगळं गळून पडलं, आणि खालून ती न विचारता टेप उचलणारी निघाली.

“मग काय ठरलं?” टायवाल्याने विचारलं. “कुठली लिहू?”

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. जाऊबाई काय म्हणतील ते तिला इथूनच ऐकू येत होतं, शब्दन्शब्द, आणि नवल म्हणजे त्याचं काही वाटतही नव्हतं.

“गाडीवर काय वाकायचं ते वाक,” ती सुनेला म्हणाली. “माझ्यापुढे नको. तुला ते शोभत नाही.”