शिंप्याच्या घरामागचा धोंडा

मी एक जुना धोंडा आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, माझा सहजासहजी कुणावर विश्वास बसत नाही.

जमिनीच्या पोटात तप्त रस हळूहळू थंड होत गेला आणि त्यातून मी घडलो. माझ्या अंगावरचे पांढुरके कण गारगोटीचे, गुलाबी फेल्डस्पारचे आणि चमकणारे अभ्रकाचे. पुढे माझ्यावरची जमीन झिजली, मी उघडा पडलो, आणि एका हिमनदीने मला डोंगरापासून तोडून उचललं. बर्फ दिसायला किती साळसूद! पण त्याने मला खडकांवरून असं फरफटत नेलं, की ओरखडे अजून अंगावर आहेत. मग तो वितळला आणि मला या उतारावर टाकून पसार झाला. पाणी तर त्याहून लबाड. भेगेत गुपचूप शिरतं, थंडीत गोठून फुगतं आणि भेग रुंद करून ठेवतं. आता कुणी प्रेमाने हात फिरवला तरी मला शंका येते.

उताराच्या पायथ्याशी एक शिंपी राहायला आला. हा माझ्याहून संशयी निघाला. घराच्या मागच्या, बरोबर माझ्या खालच्या खोलीत त्याची म्हातारी आई झोपायची आणि त्याचा सगळा जीव तिच्यात. रोज सकाळी गळ्यातली टेप घेऊन तो वर यायचा, उतारावर त्याने ठोकलेल्या खुंटीपासून माझ्यापर्यंतचं अंतर मोजायचा, आणि माझ्यावर कापडाच्या खडूने खूण करायचा. मला वाटायचं, हा मला फोडायला टपलाय.

"अहो, तो कधी हललाय का?" त्याची बायको विचारायची.

"न हलणाऱ्यांवरच लक्ष ठेवावं लागतं," तो म्हणायचा.

पण गवताझुडपांमुळे खिडकीतून मी नीट दिसत नव्हतो. मग पठ्ठ्याने कुदळ घेतली आणि माझ्याभोवतीचं सगळं मुळासकट काढून टाकलं. त्या मुळांनी माती धरली होती आणि मातीने मला. मला ते कळत होतं, पण धोंड्याला तोंड कुठलं?

थंडी सरली, उतारावरचा बर्फ वितळू लागला. मागच्या दारातून गढूळ पाणी आलेलं बघून बायको म्हणाली, "ही माती कुठली?" शिंपी टेप घेऊन धावला. माझ्या पायाखालची माती वाहून गेली होती आणि मी चांगला वीतभर खाली सरकलो होतो. त्याने तसंच माघारी पळत जाऊन आईला पाठुंगळी घेतलं आणि पुढच्या खोलीत नेलं.

"बघितलंस? मी म्हणत होतो ना," तो धापा टाकत म्हणाला.

"म्हणत होतात म्हणूनच झालं," बायको म्हणाली. "त्याला ज्याने धरलं होतं, ते तुम्हीच उपटलंत."

 नंतर दोघांनी माझ्याखाली दगडांचा बांध घातला, गवताचे ठोंब लावले. मी शिंप्यावर नजर ठेवून होतो, अजूनही आहे. गवत रुजतंय, पण मुळं खोल जायला वेळ लागतो.

म्हातारीला मागचीच खोली हवी आहे, कारण ऊन तिथेच येतं. "मला परत कधी नेणार रे?" ती रोज विचारते, आणि शिंपी खिडकीतून माझ्याकडे बघतो. मित्रांनो, उत्तर मलाही ठाऊक नाही. पडायचं की थांबायचं हे मी ठरवत नाही, माझ्याखालची माती ठरवते. म्हणून विनवतो, माझ्यासारख्यांवर खुशाल संशय घ्या, पण उतारावरच्या गवताला हात लावू नका. ते उपटायला एक सकाळ पुरते, आणि म्हातारी अजून सावलीत बसली आहे.